गेटपासून शेडपर्यंत

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांना रुमालवाले म्हणत. रविवारी सकाळी दलालांची शटर अर्धी वर गेलेली असतानाच ते हजर होत आणि खिशातून इस्त्री केलेला पांढरा रुमाल काढत. दलाल एकमेकांकडे बघून हसत आणि चहा मागवत. रुमालवाले गाडी घेणार नाहीत, हे त्या बाजारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण त्यांना कुणी हाकलत नसे. उलट, एखाद्या गाडीचं इंजिन खरोखर कसं आहे हे दलालालाच उमगत नसलं, तर तो ती गाडी मुद्दाम त्यांच्यापुढे करी. फुकटात तपासणी होऊन जाई.

त्यांच्याबरोबर त्यांची बायको असे. तिला बाजारात काही नाव नव्हतं. ती गाडीत बसायची.

म्हणजे तिचं कामच ते होतं. रुमालवाले आधी बॉनेटवर हात ठेवत. कोमट लागलं की लगेच मागे सरत. "तापवून ठेवलीय," ते म्हणत. "थंड इंजिन खरं बोलतं. एकदा तापलं की कुठलंही इंजिन गोडच बोलणार." बॉनेट गार असलं तर पुढचं. तेलाची पट्टी उपसायची, रुमालाच्या एका कोपऱ्याला पुसायची, रंग बघायचा, वास घ्यायचा. तेल ओतायचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ साय धरलीय का ते बघायचं, कारण तशी साय म्हणजे तेलात पाणी शिरलंय. मग ते गाडीच्या मागे जात, हात वर करत, आणि ती किल्ली फिरवायची. एक बोट म्हणजे थोडी रेस. दोन बोटं म्हणजे जास्त. तळहात म्हणजे बस. ते सायलेन्सरपुढे रुमाल धरून उभे राहत आणि धूर निळा आहे की पांढरा की काळा, ते डोळे बारीक करून बघत. निळा म्हणजे इंजिन तेल पितंय. पांढरा थांबतच नसेल तर पाणी जळतंय. काळ्याचं एकवेळ चालतं. शेवटी लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवून त्याची मूठ ते कानाला लावत आणि डोळे मिटून घेत.

इतक्या वर्षांत ती किती गाड्यांत बसली असेल त्याला गणती नाही. कापडी सीट, रेक्झिनची सीट, कुणाच्या तरी लहान मुलाने बिस्किटं सांडलेली सीट. प्रत्येक वेळी ती आरसा आपल्या उंचीला लावून घ्यायची, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. त्यातली एकही गाडी तिच्या हातून फाटकाबाहेर गेली नव्हती.

कारण शेवटी रुमालवाले डोळे उघडत आणि म्हणत, "आवाज आहे."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे विघ्न एकच होतं आणि ते प्रत्येक गाडीत सापडायचं. कधी टॅपेटचा आवाज, कधी बेअरिंगचा, कधी नाव नसलेला, नुसताच खोलवरचा.

सुरुवातीपासून ते असे नव्हते. लग्नानंतर वर्षभरात त्यांनी एक गाडी घेतली होती. संध्याकाळी बघितली, एक चक्कर मारली, लोण्यासारखी वाटली, घेऊन टाकली. विकणाऱ्याने इंजिनात जाड तेल ओतून आवाज दाबला होता आणि गाडी आधीच फिरवून तापवून ठेवली होती, हे कळलं तेव्हा गाडी बायकोच्या माहेरच्या दारात उभी होती. इंजिन जाम, खाली काळ्या तेलाचं थारोळं, आणि भोवती अख्खं माहेर. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, इंजिन घरीच विसरलात की काय?" सगळे हसले. तेही हसले. तीही हसली, नवं लग्न झालेली मुलगी माहेरी जरा जास्तच हसते तशी. ते हसू आपल्याला केवढ्याला पडणार आहे, याची तिला तेव्हा काय कल्पना!

त्यानंतर दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकायला घेतलं आणि ते फुंकणं काही संपेना. त्यात नोकरीही तशीच. रुमालवाले पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात तक्रार विभागात होते. गिऱ्हाइकांनी परत आणलेले पंप टेबलावर घ्यायचे आणि त्यात खोट कुठे आहे ते शोधायचं. दिवसभर खोट शोधणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी आल्यावर आमटीतही खोट सापडते. ती ते चालवून घ्यायची. आमटीवाचून काही अडत नव्हतं, गाडीवाचून मात्र अडत होतं.

घर होतं बसच्या शेवटच्या थांब्यावर. तीन खोल्या, पुढे लोखंडी जाळी, आणि जाळीपलीकडे बस वळवायची मोकळी जागा. सकाळी ती नवऱ्याबरोबर बसने निघायची आणि संध्याकाळी नवरा न्यायला आला की त्याच्याचबरोबर परतायची. मध्ये कुठे उतरायचं म्हटलं, बहिणीकडे जायचं म्हटलं, नुसतं तळ्यावर जाऊन बसायचं म्हटलं, तरी परतीच्या बसचं गणित आडवं यायचं. "गाडी आली की जाऊ," ते म्हणत. गाडी येणारच म्हणून तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावला, पहिल्या फेरीत पास झाली, लायसन्स काढलं. ते लायसन्स मुदत संपली म्हणून नवीनही करून झालं. घरात सासूबाईंचा टीव्ही इतका मोठा लागायचा की बस वळताना ड्रायव्हर दचकून बघायचा.

आणि गंमत म्हणजे ही बाई काम करायची कानांच्या डॉक्टरांकडे. सासूबाई काही केल्या कान तपासून घ्यायला तयार नव्हत्या. दिव्याखाली अंधार तो हा.

दवाखान्यात मात्र तिला मान होता. पेशंट तिला कानाच्या ताई म्हणत. तिथे कपाटाएवढा एक बूथ होता. जाड दार, भिंतींना स्पंज, एक काचेची खिडकी. आत बसलेल्याला बाहेरचं काही ऐकू जात नसे. पेशंटच्या कानांवर हेडफोन आणि हातात बटण द्यायचं, आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." मग ती काचेबाहेर यंत्रापाशी बसून आवाज सोडायची, आधी मोठा, मग लहान, मग डासाच्या गुणगुणीएवढा. डॉक्टरांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की मधूनमधून काहीच सोडायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. तरीही पेशंटने बटण दाबलं तर त्याचा निकाल धरायचा नाही. ती याला रिकामी फेरी म्हणायची. रिकाम्या फेरीत बटण दाबणारे बरेच निघत. ती मनात म्हणायची, काय ही लोकांची हौस, कानांतही शहाणपण मिरवतात.

डॉक्टर रोज उशिराने यायचे. गाडी चालूच ठेवून गेटपाशी उतरायचे, "ताई, तेवढी लावा" म्हणायचे आणि आत पळायचे. मग ती गाडी मागच्या शेडमध्ये न्यायची. एक उतार, एक वळण, पहिला गिअर, दुसरा टाकतो न टाकतो तोच शेड यायची. संध्याकाळी दिवसभर थंड पडलेलं इंजिन सुरू करून गाडी पुन्हा गेटपाशी आणायची. तिचं सगळं ड्रायव्हिंग ते एवढंच, गेटपासून शेडपर्यंत.

त्या गाडीवर रुमालवाल्यांचं मन बसलं होतं. संध्याकाळी बायकोला न्यायला आले की ते गेटपाशी थांबून तिचं इंजिन ऐकत. एकदा तर त्यांनी डॉक्टरांची परवानगी काढून, बॉनेट उघडून, चालू इंजिनावर एक नाणं उभं करून दाखवलं होतं. नाणं पडलं नाही. "बघा," ते म्हणाले, "याला इंजिन म्हणतात. घड्याळ आहे घड्याळ." अशी गाडी मिळाली तर डोळे मिटून घेईन, असं ते बसमध्ये तिला किती वेळा म्हणाले होते.

तर एक दिवस डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दवाखाना बंद करून ते शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळात जाणार होते. "पहिल्या तारखेपासून," ते म्हणाले. "तुम्ही मला हव्या आहात. पण सकाळच्या वेळेला तिकडे बस नाही, हे मलाही माहीत आहे. याल कशा?"

आपण गेलो नाही तर दुसरी कुणीतरी येईल, आणि मग आपण आहोत, जाळी आहे आणि सासूबाईंचा टीव्ही आहे, हे तिला एका क्षणात दिसलं.

"माझी गाडी घ्या की," डॉक्टर म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही राहिला. मुलगा नेणार-आणणार म्हणतोय. तुमच्या हातातली गाडी आहे. पैशाचं सावकाश बघू."

पैशाचं काही अडत नव्हतंच, गाडीसाठी बाजूला टाकलेले पैसे बँकेत म्हातारे व्हायला आले होते. तिने तिथल्या तिथे हो म्हणायला हवं होतं. पण सवय वाईट. तिच्या तोंडून निघून गेलं, "ह्यांना एकदा दाखवते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

घरी सांगितलं तेव्हा रुमालवाले ताटावरून अर्धे उठलेच. "डॉक्टरांची? ती गाडी? अगं, मग बघायचंय काय त्यात!" त्यांना खरोखरच आनंद झाला होता. टीव्हीच्या वर आवाज काढून त्यांनी आईलाही सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "माडी? कशाला हवीय माडी?" त्या दिवशी कितीतरी वर्षांनी घरात सगळे एकाच गोष्टीवर हसले. मग हात धुता धुता ते म्हणाले, "तरी रविवारी एक नजर टाकू. आपली रीत म्हणून."

रविवारी दवाखाना बंद होता. चाव्या तिच्याकडेच असत, आणि बघायला म्हणून डॉक्टरांनी शनिवारी गाडी शेडमध्येच ठेवून तिचीही किल्ली दिली होती. शेडचं दार उघडलं, आणि रुमालवाल्यांनी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. तेलाची पट्टी काढली. तेल मधाच्या रंगाचं. झाकणाची आतली बाजू कोरडी, स्वच्छ. ती आत बसली, आरसा लावायची गरजच नव्हती, तो तिच्याच उंचीला होता. मागून हात वर झाला. तिने किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. एक बोट. दोन बोटं. धूर नाही. रुमाल पुढे आणून त्यांनी तिला काचेतून दाखवला, पांढराच्या पांढरा. त्यांनी नाणंही उभं केलं. उभं राहिलं. झालं, ती मनाशी म्हणाली, सुटलो.

मग त्यांनी पिशवीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला.

मूठ कानाला लावली. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. अखेर तळहात वर आला आणि तिने इंजिन बंद केलं.

"आवाज आहे," ते म्हणाले.

ती गाडीतून उतरली. "कुठे?"

"खाली. खोल आहे. आत्ता बारीक आहे, पण वाढत जाणार."

"रोज संध्याकाळी थंड इंजिन मीच सुरू करते. मला कधी आला नाही."

"तुला नाही कळायचा तो."

"गेटपाशी नाणं उभं केलंत तेव्हा तुम्ही काय म्हणालात? घड्याळ आहे म्हणालात ना?"

"तेव्हा ती डॉक्टरांची होती," ते म्हणाले. अगदी सरळ, कसलाही कावा नसल्यासारखे म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "मनावर घेऊ नकोस. बस थोडे दिवस घरी. आईलाही सोबत होईल. मिळेल एखादी चांगली. घाई केली की काय होतं ते बघितलंय ना आपण?"

ये रे माझ्या मागल्या! आणि यावेळी तिला राग आला. साधासुधा नाही, कानशिलं तापतील असा. इतकी वर्षं तिला वाटत होतं, माणूस काटेकोर आहे, बारकाईने बघतो. आता तिला वाटलं, छे, हा लबाड आहे. याला आपण कुठे जायला नको आहोत. त्याच इंजिनाला काल घड्याळ म्हणायचं आणि आज खोट काढायची, हा रडीचा डाव झाला. तिला त्यांना पकडायचं होतं. पकडून तोंडावर सांगायचं होतं. आणि त्यासाठी काय करायचं ते तिला चांगलं माहीत होतं.

"या आत," ती म्हणाली. "हात धुवून घ्या. आणि तुमचे कान कधी तपासलेत का हो? आलाच आहात तर बसा."

रुमालवाले खूश झाले. कानांबद्दल त्यांना अभिमानच होता. ते बूथमध्ये बसले, हेडफोन लावून घेतले, एका हातात बटण आणि दुसऱ्या हातात रुमाल. तिने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि जाड दार लावून घेतलं.

आवाज सोडले. त्यांनी प्रत्येक पकडला. डासाएवढा पकडला, त्याच्याहून बारीक पकडला. कान खरंच विशीतल्या पोरासारखे होते. मग तिने यंत्रावरून हात काढून मांडीवर ठेवला. रिकामी फेरी.

यंत्रावरचा दिवा लागला. त्यांनी बटण दाबलं होतं.

सापडलात, ती मनात म्हणाली.

ती काहीच सोडत नव्हती. दिवा पुन्हा लागला. थोडं थांबून पुन्हा. तिने काचेतून बघितलं. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते, कपाळावर घाम आला होता, रुमाल मुठीत चुरगळला होता, आणि अंगठा बटणावर टेकलेला होता. मान एका बाजूला कललेली, इंजिनापाशी कलते तशी. काहीतरी निसटून जाईल, आपण परत एकदा सगळ्यांसमोर फसू, या भीतीने तो माणूस त्या शांततेत कान खुपसून बसला होता. पुन्हा दिवा लागला.

आणि तिचा राग एकदम ओसरला. इथे कसली गाडी होती? इथे खोटं बोलून त्यांना काय मिळणार होतं? त्यांना ऐकू येत होता तो आवाज. बाजारातल्या प्रत्येक गाडीत आला होता, खराखुरा आला होता. इतकी वर्षं आपण काचेच्या या बाजूला बसून लोकांना हौशी म्हणत आलो, याची तिला लाज वाटली. माहेरच्या दारातलं आपलं हसूही तिला आठवलं.

पण त्यांची दया आली म्हणून तिची सुटका होत नव्हती. उलट आत्ता कुठे तिला कळलं, आपण किती पक्क्या अडकलो आहोत. लबाड माणसाशी भांडता येतं, एक दिवस तो थकून खरं बोलतो. ज्याला ऐकूच येतं त्याच्याशी काय भांडणार? देवाने वरून गाडी पाठवली तरी तिच्यात आवाज असणार होता. अजून असे कितीतरी रविवार, अशा कितीतरी सीट, आणि समोर भिंत. तिला रडू आलं. ते त्यांच्यासाठी होतं की स्वतःसाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

तिने डोळे पुसले आणि टेबलावरचा फोन उचलला. बूथचं दार बंद होतं. आत बाहेरचं काही ऐकू जात नाही.

"डॉक्टर, गाडी घेतली मी."

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "पास केली का साहेबांनी?"

"नाही," ती म्हणाली. "मी केली. आजच घेऊन जाऊ का घरी?"

"जा की. किल्ली तर तुमच्याकडेच आहे."

तिने दार उघडलं. रुमालवाल्यांनी हेडफोन काढले, घाम पुसला. "कसे आहेत?"

"उत्तम. तुमच्या वयाच्या माणसाचे इतके चांगले कान मी बघितले नाहीत."

"मी सांगतो ना तुला. मला येतं ते सगळ्यांना ऐकू येत नाही."

"हो," ती म्हणाली. "ते कळलं आता."

दवाखान्याला कुलूप लावून ती शेडमध्ये गेली आणि गाडीत बसली. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालेलं ऐकून रुमालवाले सवयीने मागे गेले आणि त्यांनी रुमाल धरला. आरशात ते तिला दिसत होते, एक हात वर, पुढच्या इशाऱ्याच्या तयारीत. तिने काच खाली केली.

"अहो, इकडे या. बसा."

"कुठे?"

"घरी जायचंय. आपली झाली गाडी. फोनवर सांगून टाकलं डॉक्टरांना."

ते पुढे आले, खिडकीपाशी वाकले. चिडले नव्हते. घाबरले होते, आणि ते तिला जास्त लागलं. "अगं, पण आवाज आहे तिच्यात. मला येतोय."

"येत असेल," ती म्हणाली. "बसा."

ते तसेच उभे राहिले. ते बसलेच नसते तर तिने काय केलं असतं, तिला माहीत नव्हतं. तिने फक्त त्यांच्या बाजूचं दार आतून उघडलं आणि वाट बघितली. अखेर ते आले, पिशवी पायांशी ठेवून बसले. दार नीट लागलं नाही, पुन्हा उघडून लावावं लागलं.

उतार, वळण. गेट आलं आणि तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. रोज इथेच थांबायची. तिने दोन्ही बाजूंना बघितलं, पाय उचलला आणि गाडी रस्त्यावर आणली. दुसरा गिअर टाकला, रस्ता संपेना, म्हणून तिसरा टाकला. या गाडीचा तिसरा गिअर तिने कधी टाकलाच नव्हता. तो सहज पडला. तिला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती समोर बघत राहिली, आणि समोर भिंत नव्हती.

चौकात सिग्नलला गाडी थांबली. इंजिन हळू चालत होतं.

"आला का?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "आत्ता. ऐकलास?"

तिने खरोखर कान देऊन ऐकलं. त्यांच्यासाठी ऐकलं. "नाही," ती म्हणाली. "मला नाही आला."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. सिग्नल सुटला. तिने पहिला टाकला, मग दुसरा. शेजारी रुमालवाले मांडीवर घडी केलेल्या रुमालावर अंगठा ठेवून बसले होते, आणि थोड्या थोड्या वेळाने तो दाबत होते.